मूठ म्हणजे थांब

५ जानेवारी
डॉक्टरांनी वही लिहायला सांगितलंय. म्हणाल्या, "बाई, तुमचं प्रेशर गोळ्यांनी उतरतं आणि तोंडाने चढतं. ओरडावंसं वाटलं की आधी लिहा. आणि जमेल तेव्हा एखाद्या माणसाचे आभार माना, वहीत का होईना." मी म्हटलं, मी ओरडत नाही, माझा आवाजच तसा आहे. त्यावर आमचे हे खिडकीबाहेर बघत हसले. मला काचेत दिसलं.

तर लिहिते. वय चौपन्न, वेल्डिंगची शेड, तीस वर्षं हाच धंदा. शेडच्या पुढच्या अर्ध्या भागात ह्यांचं शिवणाचं दुकान. मागे माझ्या ठिणग्या, पुढे त्यांची कापडं, मध्ये एक पत्र्याचा पडदा. संसार तेवढ्या पडद्यावर टिकलाय.

सध्या मी एक गाडी बांधतेय. गाडी म्हणजे सांगाडा, चार दांडगे टायर, एक इंजिन आणि बसायला दोन जागा. ही रस्त्यावर पळवायची नाही, खडकांवरून चढवायची. माणूस चालतो त्याहूनही सावकाश, एकेक चाक एकेक दगडावर ठेवत. हे तिला गोगलगाय म्हणतात. २२ मार्चला अशा गाडीवाल्यांच्या क्लबची चढाई आहे, खाणीपलीकडच्या कोरड्या ओढ्यात, 'पायऱ्यां'वर. खडकाच्या पाच पायऱ्या आहेत, शेवटची छातीएवढी. ती मला एकदा चढायचीच आहे.

आज आभार ह्यांचे. सीटचं कव्हर न सांगता शिवून ठेवलं होतं. रंग भयानक आहे, पण शिवण बघत राहावी अशी.

९ जानेवारी
नशीब जोरावर आहे! भंगारवाले काका मागचा ॲक्सल घेऊन आले. तीन महिने शोधत होते मी. हा इतका चांगला, की भंगारात आला कसा तेच कळेना. आतून धुतलेला, बेअरिंगं नवी. मी विचारलं, "काका, हा सापडला कुठे?" तर म्हणे, "असाच पडून होता." पडून होता आणि त्याला कुणी ग्रीस भरून ठेवलं होतं?

एका बाजूला पिवळ्या रंगाने बाण काढून 'वर' असं लिहिलेलं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तीस वर्षं लोखंड जोडतेय मी, आणि भंगाराच्या दुकानातला माणूस मला वर-खाली शिकवतोय! तारेच्या ब्रशने घासून काढलं.

पण काका देवमाणूस. चहा पाजला. त्यांना माझ्याकडे बघवेना, इतके ते लाजाळू. आजचे आभार त्यांचे.

१७ जानेवारी
नव्या टर्नरने पिना पुन्हा ढिल्या कापल्या. गाडीचं सगळं वजन ज्या पिनांवर लटकणार, त्या बोटाने हलतात! त्याच्या दुकानात जाऊन बोलले ते इथे लिहीत नाही.

ताई असती तर पहिल्या फटक्यात कापल्या असत्या. हे आपलं सत्य म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. बाबांनी कारखाना दोघींत वाटला तेव्हा लेथ, म्हणजे लोखंड कापून घडवायचं मशीन, तिला दिलं आणि वेल्डिंग मला. तेव्हा वाटलं होतं छान झालं, एकमेकींशिवाय आपलं चालणारच नाही. चाललं की. सहा वर्षं चाललंय.

सहा वर्षांपूर्वी बाबांची गाडी घेऊन मी शेवटच्या पायरीवर होते. गाडीत बसलेल्याला पुढचं चाक दिसत नाही. समोर आभाळ असतं. म्हणून पुढे एक माणूस उभा राहून हाताने खुणा करतो, त्याला स्पॉटर म्हणतात. बोटं आपल्याकडे ओढली की ये, अंगठा ज्या बाजूला त्या बाजूला वळ, मूठ म्हणजे थांब. माझी स्पॉटर ताई. गाडी उलटली. माझं गळ्याचं हाड आणि खांदा मोडला, बाबांच्या गाडीचा चुरा झाला. ताईची खूण चुकली. सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी हे बटणं लावता लावता म्हणाले, "ताई शेड विकतेय. तीस मार्चला लेकीकडे जाणार, कायमची." लेक विमानाने जायच्या गावी असते. मी म्हटलं, मला काय त्याचं.

१८ जानेवारी
मला खरंच काय त्याचं. आज तीन वेळा वेल्डिंगचा रॉड चिकटला.

२ फेब्रुवारी
मधले दिवस सांगाड्यात गेले, लिहायला हात रिकामे नव्हते.

आज मात्र लिहायलाच हवं. परवा हे ढिली पीन खिशात घालून गेले, "बाजारात बघतो नमुन्याला." आज आठ पिना घेऊन आले. काय पिना! तेलाचं बोट लावून भोकात सोडली तर हवा दाबत सावकाश आत उतरते. मी विचारलं कुठल्या दुकानातल्या, तर म्हणे, "असंच, एका ठिकाणी." या माणसाला दुकानाचं नाव कधी लक्षात राहत नाही. चौतीस वर्षं झाली.

आता त्यांना गाडीवर टाकायचं कव्हर शिवायचंय. शिंप्याची टेप घेऊन चाकांमधलं अंतर मोजत होते. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, या चाकापासून त्या चाकापर्यंत, जमिनीपासून पोटापर्यंत. खडूने पाटीवर लिहून घेतलं. कव्हराला पोटाचं माप कशाला लागतं कोण जाणे. पण मांडी घालून गाडीखाली बसलेले ते बघून मला भरून आलं. गुडघे दुखतात त्यांचे. हा माणूस मला मिळाला, फार मिळालं.

११ फेब्रुवारी
आज अशी अक्कल चालवली की बाबा असते तर पाठ थोपटली असती. मागचा ॲक्सल मी उलटा बसवला. वरची बाजू खाली. म्हणजे इंजिनाकडून मागे येणारा फिरता दांडा चार बोटं वर गेला, आता तो दगडाला घासायचा नाही. हे एवढं साधं कुणालाच कसं सुचलं नाही? सगळे कंस वेल्ड करून टाकले. पक्के.

हे येऊन बघून गेले. म्हणाले, "अगं, तो असाच बसतो का?" मी म्हटलं, तुम्ही बाह्या लावा, ॲक्सल मी लावते. मग चप्पल घालून कुठेतरी गेले आणि तासाभराने आले, तोंड कडू गोळी चघळल्यासारखं.

२० फेब्रुवारी
पहिल्यांदा चालवली. चारीच्या चारी चाकांवर जोर टाकण्याआधी नुसती मागची चाकं बघू म्हटलं. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मला वाटलं, चुकून रिव्हर्स पडला. पुन्हा पहिला. पुन्हा मागे, आणि सरळ पत्र्याच्या पडद्यातून ह्यांच्या दुकानात. एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट टांगला होता, तो टायरखाली. हे मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. चष्म्यावरून बघून म्हणाले, "या, बसा."

कपाळाला हात लावला मी. ॲक्सल उलटा केला की चाकंही उलटी फिरणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला का नाही कळलं? माझ्या गाडीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार. हे म्हणाले, "परत यायला उत्तम." मग दोघंही हसत सुटलो. ते आधी हसले आणि मग मलाही राहवेना. पोट दुखेपर्यंत हसले. किती दिवसांनी!

कोट मी भरून देणार.

२१ फेब्रुवारी
वेल्ड कापून ॲक्सल उतरवला. एवढं केलंय तर आतूनही बघू म्हणून उघडला. बेअरिंग जिथे बसतं त्या कडेला तीन टिंबं.

ताई काम संपलं की टोकदार पंच ठोकून तीन टिंबं मारते. पंधरा वर्षांची असल्यापासून.

मग पिना काढल्या. टोकाला, ग्रीसच्या खाली, तीन टिंबं. आठही पिनांना.

पडदा तर कालच फाटला होता, सरळ दुकानात गेले. "अहो, किती दिवस?" त्यांनी सुई खाली ठेवली. "ऑक्टोबरपासून. ॲक्सल, पिना, पुढचे शॉक, स्टिअरिंगचा जोड. काका बिचारे खोटं बोलून बोलून थकले." आणि मग म्हणाले, "तू ॲक्सल उलटा लावलास ते तिला सांगायला गेलो होतो. म्हटलं, थांबवू का? ती म्हणाली, नको, करू दे तिला. 'वर' असं लिहूनही दिलं होतं मी, असं म्हणाली."

आज कुणाचेही आभार नाहीत.

२२ फेब्रुवारी
इतके दिवस भलत्यालाच चहा पाजला मी!

आणि तिला कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं? एकेक पार्ट काढून तिच्या दारात नेऊन टाकणार होते. पाना हातात घेतला. मग लक्षात आलं, तिचं सगळं काढलं तर नुसता सांगाडा उरतो आणि सीटचं कव्हर.

पाना ठेवला. ॲक्सल सरळ बसवला. 'वर' जिथे लिहिलं होतं ती बाजू वर.

१ मार्च
स्पॉटरशिवाय क्लब पायऱ्यांवर जाऊ देत नाही. क्लबचे सेक्रेटरी स्वतः तयार झाले. कवायतीचे निवृत्त मास्तर. छोट्या दगडांवर सराव केला. दोन्ही हात एकदम हलवतात, वर शिट्टी. एक हात म्हणतो ये, दुसरा म्हणतो वळ, शिट्टी काय म्हणते देव जाणे. एकदा त्यांना मच्छर चावला आणि मी डावीकडे वळले.

माणूस भला आहे. उन्हात दोन तास उभा राहिला. मनापासून आभार. पण शेवटच्या पायरीवर मास्तरांच्या भरवशावर जायचं म्हणजे कठीण आहे.

घरी आल्यावर हे म्हणाले, "एकच माणूस आहे." मी म्हटलं, नाव काढू नका. म्हणाले, "मी कुठे काढलं? तूच घेतलंस मनात."

८ मार्च
ही वही कुणी वाचत नाही. म्हणून लिहिते.

मला मूठ दिसली होती.

सहा वर्षांपूर्वी, शेवटच्या पायरीवर. ताईने मूठ दाखवली, सरळ डोक्यावर, कुणालाही कळेल अशी. आणि मला वाटलं, ही घाबरट, ही नेहमीच थांबवते, एवढं आलेय तर आता चढतेच. आणि दिला ॲक्सिलरेटर.

हॉस्पिटलात क्लबची माणसं आली, काय झालं म्हणाली. खांद्यात आगीचा लोळ होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिने ये म्हटलं." एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणावंच लागलं नाही, लोकांनीच म्हटलं. तिला क्लबातून स्पॉटर म्हणून काढलं. मी बरी होऊन घरी आले तेव्हा ती दारात डबा घेऊन उभी होती आणि मी आतून ओरडले, "काही नको तुझं." तिचं तोंड बघायची हिंमत नव्हती. राग आहे असं दाखवणं सोपं गेलं. पुढे मलाच तो खरा वाटायला लागला.

लिहिलं एकदाचं. डॉक्टरबाई, याने प्रेशर उतरतं म्हणालात ना?

९ मार्च
तिच्या शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेले. आतून लेथचा आवाज येत होता. परत आले.

१२ मार्च
पुन्हा कोपऱ्यापर्यंत. ह्यांनी विचारलं, दोरा आणलास का? मी तेच सांगून निघाले होते.

१५ मार्च
गेले.

शेडमध्ये अर्धी खोकी भरलेली. भिंतीवर हत्यारं होती तिथे नुसते त्यांचे आकार उरलेत. ती लेथवर वाकलेली. केस पांढरे झालेत तिचे. कुणी मला सांगितलं नाही. तिने मला बघितलं आणि मशीन बंद केलं नाही. काप अर्धा होता, अर्धा काप ती कधी सोडत नाही.

मला वाटलं, आवाज बंद व्हायची वाट बघितली तर मी पळून जाईन. म्हणून त्या घरघरीतच ओरडून म्हटलं, "ताई, मला मूठ दिसली होती!"

"ओरडू नकोस ठिणगे, ऐकू येतंय." ठिणगी मला बाबा म्हणायचे, आणि ती. तिने काप संपवला. मशीन बंद केलं. हात पुसले, एकेक बोट.

"मला माहीत आहे," म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी मूठ दाखवली आणि तुझं चाक थांबलं. क्षणभर. मग पुढे आलं. न दिसलेल्या खुणेला चाक थांबतं होय गं?"

मी खोक्यावर बसले. सहा वर्षं हिला माहीत होतं. क्लबने काढलं तेव्हाही, मी दार लावलं तेव्हाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तू हाडं मोडून पडलेलीस. त्यात तुला चार लोकांसमोर खोटं पाडायचं होतं का मी? म्हटलं, बरी झाली की येईल. तू तापट आहेस, पण लबाड नाहीस. येशील हे ठाऊक होतं." मग नाक ओढून म्हणाली, "एवढा उशीर लावशील असं वाटलं नव्हतं."

मी रडले. मोठ्याने, माझ्या आवाजात. बाहेरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला, तेव्हा ताई त्याला म्हणाली, "काही नाही हो, बहीण आहे."

जाताना विचारलं, पार्ट का पाठवत होतीस? म्हणाली, "जायच्या आधी तुझी गाडी उभी राहिलेली बघायची होती. बाबांची मोडली, त्यात माझं काहीच नव्हतं असं कुठे आहे? मला माहीत होतं तू कशी आहेस. मी आधीच्याच पायरीला थांबवायला हवं होतं."

बघा! तिने त्यातही स्वतःचा वाटा शोधून ठेवलाय. या बाईचे आभार कुठल्या शब्दांनी मानायचे? मी इतकंच म्हटलं, "बावीस तारखेला येशील?"

"ॲक्सल सरळ आहे ना?" म्हणाली.

२२ मार्च
सगळं लिहिणार आहे आज.

ओढ्यात वीसेक माणसं होती. सेक्रेटरी क्लबची वही घेऊन खुर्चीवर. ताईला बघून जरा कुजबुज झाली. मी गाडीच्या टायरवर चढले आणि म्हटलं, "सहा वर्षांपूर्वी हिने मूठ दाखवली होती. मला दिसली होती. मी ऐकलं नाही आणि वर खोटं बोलले. हिची काही चूक नव्हती." माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला, पार खाणीपर्यंत गेला. ताई खालून पँट ओढत होती, "अगं उतर, उतर आता." सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनं कशाला उकरता?" मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या वहीत जुनं जसं लिहिलंय तसंच ठेवणार का?" त्यांनी मान खाली घातली, पानं मागे उलटली आणि 'स्पॉटरची चूक' ही ओळ खोडली. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक म्हातारा पुढे येऊन ताईला नुसता "माफ करा" म्हणाला. तेवढं पुरे होतं.

मग चढलो. ताई पुढे, पाठमोरी कधीच नाही, उलटी चालत, डोळे माझ्या चाकांवर. एका हाताने खुणा, दुसरा हात पाठीमागे धरलेला. चार बोटं ये, अंगठा डावीकडे, आणखी डावीकडे, ये. तिला माझ्या गाडीचं पोट किती उंचीवर आहे ते इंचाइंचाने माहीत होतं. पहिली पायरी. दुसरी. तिसरीला मागचं चाक हवेत गेलं आणि ॲक्सलने ते सुखरूप खाली ठेवलं. चौथी. मी एकदाही खाली बघितलं नाही. हे काठावरून रुमाल हलवत होते.

शेवटची पायरी. पुढची दोन चाकं वर गेली. समोर नुसतं आभाळ आणि आभाळात ताई. इंजिन छान घुमत होतं. मला कळत होतं, अजून एक धक्का आणि वर. लोक खालून ओरडायला लागले, "द्या! द्या आता!"

ताईने मूठ दाखवली.

थांबले. ब्रेकवर पाय, हात स्टिअरिंगवर. ती माझ्याकडे बघत होती, चाकांकडे नाही. मीही तिच्याकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने तळहात माझ्याकडे करून सावकाश ढकलल्यासारखा केला. मागे जा.

लोक "अरेरे" म्हणाले. मी रिव्हर्स टाकला आणि एकेक पायरी उतरत खाली आले. पाचही.

हे धावत आले. "अगं, दगड तर पक्का दिसत होता मला! का थांबवलं तिने?" असेल काहीतरी. हलला असेल दगड. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. वर गेले नाही याचं तिळभर वाईट वाटत नाही, हे लिहितानाही मला खरं वाटत नाहीये, पण आहे तसंच. आज मी कुणाकुणाचे आभार मानू? ह्यांचे, काकांचे, मास्तरांचे, बाबांचे. आणि जिने सहा वर्षं माझं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेऊन माझ्यासाठी पिना कापल्या, तिचे.

ताई सगळ्यात शेवटी खाली उतरली. माझ्याशी काही न बोलता गाडीच्या मागे गेली आणि मागच्या टायरपाशी उकिडवी बसली. पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "काय झालं गं टायरला?" नाक ओढून म्हणाली, "बघू दे जरा." टायरला काही झालं नव्हतं. घरी आल्यावर मी नीट तपासला, ओरखडासुद्धा नाही. तरी ती बराच वेळ तिथे बसून होती.